१ ऑगस्टच्या फळ्यावर कोणाकोणाला जागा द्यावी?

खडूफळा | २४ जुलै, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दिनविशेषाचा फळा मी लिहिते. फळा दारातच लावलेला आहे. एसटीची वाट बघणारी माणसं तो वाचतात, शाळेतली मुलं वहीत उतरवून घेतात. त्यामुळे काय लिहायचं याचा मला नीट विचार करावा लागतो.

१ ऑगस्ट जवळ आला की पंचाईत होते. १९२० सालच्या १ ऑगस्टला मुंबईत लोकमान्य टिळक गेले. त्याच दिवशी, त्याच साली वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. गांधीजींच्या असहकार चळवळीची सुरुवातही त्याच दिवशीची. आपल्या राज्यात तो महसूल दिन म्हणून पाळतात. २०१४ मध्ये याच तारखेला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आणि ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, म्हणजे आमच्या बंदरांवर हा हंगामाचा पहिला दिवस.

टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, त्यामुळे त्यांचं नाव वर आणि मोठ्या अक्षरात ही इथली जुनी पद्धत. गेल्या वर्षी एका सभासदाने विचारलं, अण्णा भाऊ कायम दुसऱ्या ओळीतच का? त्यावर दुसरे म्हणाले, टिळकांच्या गावात टिळकच पहिले. दोघेही पोटतिडकीने बोलत होते.

माझं मत असं की एकाच दिवशी आलेल्या माणसांची आपण उगाच शर्यत लावतो. पण मत असलं तरी फळ्यावर कुणीतरी वरच्या ओळीत येणारच. तुमच्या गावात, शाळेत, घरात एका दिवशी दोन-तीन दिवस येतात तेव्हा तुम्ही काय करता? तारीख धरता की तिथी?

मिऱ्याबंदर | २४ जुलै, सकाळी ९:४२

ताई, बंदरावर १ ऑगस्टला एकच दिनविशेष असतो, होडी बाहेर काढायचा. पण तुमच्या यादीत आम्हाला धरलंत हे वाचून बरं वाटलं. कॅलेंडरवर आमचा दिवस छापलेला नसतो.

फाटकगुरुजी | २४ जुलै, सकाळी १०:२०

आमच्या शाळेत (लांजा तालुका) एकच कार्यक्रम होतो, 'लोकमान्य टिळक पुण्यतिथी व अण्णा भाऊ साठे जयंती'. टेबलावर दोन तसबिरी, दोन हार, एक नारळ. मग 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' सुरू होतं. दहा मुलं भाषणाला उभी राहिली तर नऊ जण शेंगांची टरफलं सांगतात. दहावा अण्णा भाऊंवर बोलतो, आणि तोही 'दीड दिवस शाळेत गेले' एवढं सांगून खाली बसतो.

क्रमापेक्षा मला याचंच वाईट वाटतं. एका माणसाचा एक प्रसंग आणि दुसऱ्याचं एक वाक्य, एवढ्यावर त्यांचा दिवस उरकतो. फळ्यावर नाव कुणाचं आधी यापेक्षा नावाखाली काय लिहिलंय ते बघा.

मालवणी_मसालो | २४ जुलै, सकाळी ११:०५

तारीख की तिथी म्हणून इचारलास म्हणान सांगतंय. आमच्याकडे नारळी पुनवेक मालवणच्या बंदरार पाय ठेवूक जागा नसता. नारळ लढवची स्पर्धा आसता, पोरां-टोरां सगळी धक्क्यार. दर्याक नारळ घातल्याशिवाय होडी भायर काढूची नाय, असा माझो आजो सांगी. आता १ तारखेक ट्रॉलर भायर पडतत आणि पुनव मागसून येता. एक दिवस सरकारचो, एक दर्याचो. आमी दोनव पाळतो.

मिऱ्याबंदर | २४ जुलै, सकाळी ११:३१

मालवणी_मसालो, अगदी खरं. नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो: पश्चिम किनाऱ्यावर बंदी १ जून ते ३१ जुलै, एकूण ६१ दिवस, आणि ती यांत्रिकी नौकांसाठी. बिनइंजिनाच्या लहान होड्यांना सूट असते. माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून ही बंदी. तारीख ठरलेली, पण पौर्णिमा पुढे-मागे सरकते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला आली. महिनाभर आधीच बोटी बाहेर होत्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या जिवाला तेव्हा चैन नव्हतं. नारळ न देता गेलेल्या पोरांची काळजी त्यांना खरोखर वाटते, त्यात दाखवायचं काही नसतं.

२०१९ ला मात्र नारळी पौर्णिमा, राखी आणि १५ ऑगस्ट एकाच दिवशी. सकाळी सोसायटीच्या कचेरीवर झेंडा, मग बहिणींकडे राखी, दुपारी पालखीसारखा सजवलेला नारळ मिरवत बंदरावर. होड्यांवर पताका तिरंगी. असा दिवस पुन्हा कधी येणार?

गणितमास्तर | २४ जुलै, दुपारी १:१५

मिऱ्याबंदर, साधारण दर १९ वर्षांनी. १९ सौर वर्षांत आणि २३५ चांद्रमासांत जेमतेम दोन तासांचा फरक आहे. त्यामुळे तिथी आणि तारीख यांची गाठ १९ वर्षांनी पुन्हा पडते. १५ ऑगस्ट २००० लाही राखी पौर्णिमा होती. पण हे गणित एखाद्या दिवसाने सरकू शकतं, कारण तिथी कधी सुरू होते आणि सूर्योदयाला कोणती असते यावर सण ठरतो. तिथी काही चोवीस तासांची नसते, साधारण १९ ते २६ तासांत कितीही असू शकते. म्हणून पुढच्या वेळचं पंचांग हातात येईपर्यंत पताका शिवायला टाकू नका.

खडूफळाताईंच्या प्रश्नासाठी तिथी उपयोगाची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. टिळकांचंच बघा. ते गेले मध्यरात्र उलटून गेल्यावर. इंग्रजी पद्धतीने तारीख बदललेली होती, म्हणून १ ऑगस्ट. आपल्या पद्धतीने वार सूर्योदयाला बदलतो, म्हणजे पंचांगाने तो अजून आदलाच दिवस. तिथी धरलीत तर टिळक आणि अण्णा भाऊ एका फळ्यावर येतीलच असं नाही. वाद मिटेल, पण जे सुंदर आहे तेही हातचं जाईल.

रायगडवारी | २४ जुलै, दुपारी २:०२

मास्तर, तिथी उपयोगाची नाही हे विधान मागे घ्या. :) रायगडावर राज्याभिषेक आम्ही ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला करतो आणि ६ जूनलाही होतो. मी दोन्ही वेळा गड चढतो. तिथी ही त्या काळातल्या लोकांनी स्वतः धरलेली गोष्ट आहे. महाराजांच्या माणसांना ६ जून माहीतच नव्हता.

गणितमास्तर | २४ जुलै, दुपारी २:४०

रायगडवारी, तुमच्या बाजूने आणखी एक मुद्दा मीच देतो. ६ जून १६७४ ही तारीख जुन्या जूलियन दिनदर्शिकेची आहे. इंग्रजांनी आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका १७५२ मध्ये स्वीकारली. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. आजच्या कॅलेंडरने मोजलं तर राज्याभिषेक १६ जूनला येतो. १९ फेब्रुवारी १६३० या शिवजन्माच्या तारखेलाही हेच लागू. म्हणजे शिवकालापुरती तिथी जास्त नेमकी, हे मान्य. १९२० सालासाठी मात्र तारीखच.

रायगडवारी | २४ जुलै, दुपारी २:५५

हे माहीत नव्हतं. पण ६ जूनला गर्दी कमी होईल असं वाटत नाही, आणि होऊही नये.

फाटकगुरुजी | २४ जुलै, दुपारी ३:३०

अवांतर: एका दिवशी अनेक दिवस आले की सगळ्यात मोठं नुकसान आम्हा नोकरदारांचं होतं. २०२५ ला दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, गांधी जयंती आणि शास्त्रीजींची जयंती सगळं २ ऑक्टोबरला. सुट्टी एकच. आमच्या स्टाफरूममध्ये दिवाळीचं नवं कॅलेंडर आलं की आधी रविवारी पडलेले सण मोजतात.

निळीशाई | २४ जुलै, दुपारी ४:१०

गुरुजी, त्यातही एक गोष्ट आहे बघा. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आणि त्या वर्षी विजयादशमी त्याच दिवशी होती. आता दोन्ही पाळले जातात. काही ठिकाणी १४ ऑक्टोबर, दीक्षाभूमीवर मुख्य सोहळा दसऱ्याला. अशोक विजयादशमी म्हणून तो दिवस विचार करून निवडलेला होता. योगायोगाने एकत्र आलेले दिवस वेगळे आणि मुद्दाम एकत्र आणलेले दिवस वेगळे, हे या धाग्यावर विसरू नये.

सावित्रीकाठ | २४ जुलै, संध्याकाळी ६:२५

निळीशाई यांच्या शेवटच्या वाक्यावरून महाडचं लिहिते.

आमच्याकडे २५ डिसेंबर म्हणजे आधी मनुस्मृती दहन, मग नाताळ. १९२७ साली मार्चच्या २० तारखेला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यानंतर तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं आणि पुन्हा बंद झालं, म्हणून डिसेंबरात दुसरी परिषद भरवली. बाबासाहेबांना रस्त्याने यायला वाहन मिळेना, तेव्हा ते मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरले. मंडपाला गावात कुणी जागा देत नव्हतं, ती फत्तेखान यांनी दिली. २५ तारखेला रात्री मनुस्मृती जाळली, आणि तो ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. तळ्यावर जायला कोर्टाची मनाई आली आणि सत्याग्रह थांबवावा लागला. तळ्याचा निकाल लागायला पुढे १९३७ उजाडलं.

आता बरेच लोक २५ डिसेंबर भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. त्याच दिवशी नाताळ, मालवीयजींची जयंती, वाजपेयींची जयंती आणि सुशासन दिन. माझ्या मैत्रिणीचं घर रेवदंड्याच्या बाजूला, ख्रिस्ती कुटुंब. ती सकाळी प्रार्थनेला जाते आणि दुपारच्या गाडीने महाडला येते. मुलांना दोन्हीकडे नेते. तिला कधी क्रम विचारावासा वाटला नाही मला.

पण फळ्याचं विचाराल तर मी म्हणेन, महाडच्या फळ्यावर २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनच वर हवं. जिथे गोष्ट घडली तिथे ती वर. दुसऱ्या गावात दुसरा क्रम असू दे.

खडूफळा | २४ जुलै, संध्याकाळी ७:००

सावित्रीकाठ, दासगावचा उल्लेख वाचून थांबले. पावसाळ्यात त्या रस्त्याने आम्ही जातो, पण दासगाव बंदराची ही आठवण मुलांना कुणी सांगत नाही. धन्यवाद.

तुमचा नियम मात्र माझ्या प्रश्नाला उलट लागतो. 'जिथे घडलं तिथे वर' धरलं तर रत्नागिरीत टिळक वर. पण टिळक जन्मले इथे, २३ जुलै १८५६ ला. १ ऑगस्टचं जे घडलं ते मुंबईत. मग २३ जुलैला ते वर, आणि १ ऑगस्टला?

तेरेखोल | २४ जुलै, रात्री ८:४५

मी बांद्याच्या बाजूचा. आमच्या भागात १५ ऑगस्टला दोन आठवणी असतात आणि दुसरी आता फार थोड्यांना राहिली आहे, म्हणून लिहितो.

१५ ऑगस्ट १९५५. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झालेली, गोवा पोर्तुगीजांकडेच. त्या दिवशी देशभरातून आलेले सत्याग्रही हातात झेंडा घेऊन, हत्याराशिवाय, सीमेवर वेगवेगळ्या ठिकाणांहून गोव्यात शिरले. पत्रादेवीला गोळीबार झाला. पंजाबचा तरुण कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच पडला. त्या दिवशी सीमेवर वीसहून जास्त माणसं गेली. त्याच महिन्यात भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले. मुक्ती मिळाली ती १९ डिसेंबर १९६१ ला.

पत्रादेवी बांद्यापासून हाकेच्या अंतरावर. स्मारक आहे, पण हायवेवरून गोव्याला जाणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. सकाळी शाळेत झेंडावंदन करून आम्ही काही जण तिकडे जातो. तिथे पुन्हा एकदा राष्ट्रगीत म्हणतो.

१५ ऑगस्ट हा दिवस सत्याग्रहींनी मुद्दाम निवडला होता. माउंटबॅटननी तो १९४७ साठी निवडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन होता. एका दिवसावर दुसरा दिवस असा चढत जातो. आधीचा कुणाचा होता हे विसरलं की वरचाही अर्धवटच कळतो.

चिकूवाडी | २४ जुलै, रात्री ९:२०

डहाणूहून. उत्तर कोकणातली भर घालते. २०२४ पासून पारशी नवरोजही १५ ऑगस्टलाच येतो आहे. त्यांच्या शहेनशाही पंचांगात वर्ष सरळ ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही, म्हणून दर चार वर्षांनी नवरोज एक दिवस अलीकडे सरकतो. आधी १६ ला होता. आमच्या गावातले पारशी-इराणी शेजारी सकाळी झेंडावंदनाला येतात आणि तिथूनच सगळ्यांना रवो (रव्याचा गोड पदार्थ) खायला घरी नेतात. हे २०२७ पर्यंत चालेल, मग नवरोज १४ ला जाईल. तोवर मजा आहे आमची.

खाडीपलीकडे | २४ जुलै, रात्री १०:०५

दापोली तालुक्यातून. आमचं पंचांग तर दरवर्षी साधारण ११ दिवस मागे येतं, त्यामुळे आमचे सण फिरत फिरत सगळ्यांच्या सणांना भेटून जातात. साधारण ३३ वर्षांत एक फेरी पूर्ण.

२०२३ ला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला आली. आमच्याकडे मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी आठवडाभर आधीच ठरवलं, जुलूस दुसऱ्या दिवशी. राज्याने सुट्टीही २९ ला दिली. विसर्जनाच्या मिरवणुकीला नेहमीसारखं आमच्या नाक्यावर पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी जुलूस निघाला तेव्हा गावातल्या मंडळाची मुलं सरबताचे पिंप घेऊन उभी होती. कुणी भाषण केलं नाही. आमच्या वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, सण एक दिवस थांबू शकतो, गणपती पाण्यात जायचा थांबत नाही.

मला वाटतं दोन सण एकत्र आले की गावाची खरी ओळख होते. कोण सरकतं, कोण जागा करून देतं, ते दिसतं.

मिऱ्याबंदर | २४ जुलै, रात्री १०:१८

खाडीपलीकडे, +१. तुमच्या वडिलांना सलाम सांगा.

चाकरमानी_परळ | २५ जुलै, सकाळी ७:५०

रात्री सगळा धागा वाचला. खडूफळाताई, तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण टिळक आणि अण्णा भाऊ जिथे भेटतात ती जागा मला माहीत आहे. ती जागा गिरणगाव.

२२ जुलै १९०८. राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. निकाल रात्री लागला. दुसरा दिवस २३ जुलै, त्यांचा वाढदिवस. त्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. लष्कर बोलावलं, गोळ्या चालल्या, माणसं मेली. हे कामगार कोण होते? त्यांतला मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेला, आणि तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा बराचसा सिंधुदुर्गही आला. शेती पुरत नाही म्हणून बोटीने मुंबई गाठलेली आपलीच माणसं. आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसासाठी त्यांनी मजुरी सोडली.

अण्णा भाऊ वडिलांबरोबर वाटेगावहून पायी मुंबईला आले. मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले, त्याच चाळींत वाढले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लालबावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगावच्या मैदानांवर त्यांचा डफ वाजत होता तेव्हा ऐकणाऱ्यांत १९०८ च्या संपकऱ्यांची मुलं-नातवंडं होती. माझे आजोबा त्यात होते. संगमेश्वरचे. पगाराच्या दिवशी घरी मनीऑर्डर आणि रात्री शाहिरांचा कार्यक्रम, असं ते सांगायचे.

म्हणून फळ्यावर मधोमध लिहा, '२३ जुलै १९०८: गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप'. एका बाजूला टिळक, दुसऱ्या बाजूला अण्णा भाऊ. वर-खाली कुणीच नाही.

फाटकगुरुजी | २५ जुलै, सकाळी ८:३०

चाकरमानी काका, हे मी मुलांना सांगणार. शेंगांच्या टरफलांना यंदा रजा.

निळीशाई | २५ जुलै, सकाळी ९:१५

काकांचा प्रतिसाद फार आवडला, तरी एक हरकत नोंदवतो. दोघांना शेजारी बसवताना मधलं अंतर पुसू नका. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याला टिळकांनी कडाडून विरोध केला होता. समाजसुधारणेत त्यांची भूमिका काय होती हे मुलांना कळलं पाहिजे. अण्णा भाऊ ज्या मातंग समाजात जन्मले त्या समाजाला ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली छळलं, पण गावकुसाबाहेर त्यांना इंग्रजांनी ठेवलं नव्हतं. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक, हा वाद त्या काळात खराखुरा होता आणि या दोन माणसांच्या मधून तो जातो. एकाच हारात ओवून तो झाकू नका.

चाकरमानी_परळ | २५ जुलै, सकाळी १०:००

निळीशाई, हरकत मान्य. संपकऱ्यांच्या चाळीतही पाण्याच्या नळावर जात होतीच, आणि गिरणीत विणखात्यात अस्पृश्यांना काम देत नसत. हेही आजोबांकडूनच ऐकलेलं. लिहायचं तर हे धरूनच लिहायला हवं. पण अंतर आहे म्हणून एका फळ्यावर घ्यायचंच नाही, असं तुम्ही म्हणत नाही ना?

निळीशाई | २५ जुलै, सकाळी १०:१२

मुळीच नाही. घ्याच. वाद दिसेल असं घ्या.

पेढेघाट | २५ जुलै, सकाळी ११:४०

चिपळूणहून. तुमच्या या चर्चेला १८ एप्रिल अगदी जुळतो. कोकणातली दोन भारतरत्नं त्या एका तारखेवर भेटतात. धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १८५८ ला जन्मले आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे १८ एप्रिल १९७२ ला गेले. कर्वे मुरूड-दापोलीचे, काणे आमच्या भागातले. एकाने स्वतः विधवेशी लग्न करून आयुष्य स्त्रियांच्या शिक्षणाला दिलं. दुसऱ्याने धर्मशास्त्राचा इतिहास खंडांमागून खंड लिहून परंपरेत नेमकं काय म्हटलंय ते मांडून ठेवलं. कर्व्यांना १९५८ ला, वयाच्या शंभरीत, भारतरत्न मिळालं, काण्यांना १९६३ ला. आणि त्याच १८ एप्रिलला १८५९ मध्ये तात्या टोपेंना फाशी झाली. असा दिवस आमच्याकडे साध्या तारखेसारखा निघून जातो.

तेरेखोल | २५ जुलै, दुपारी १२:३०

पेढेघाट, मग १ मे पण घ्या. महाराष्ट्र दिन १९६०, कामगार दिन, आणि १९८१ ला त्याच दिवशी आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला. कोकण रेल्वेवर पूर्ण मार्गाने गाडी धावली २६ जानेवारी १९९८ ला, आणि औपचारिक उद्घाटन रत्नागिरीत झालं १ मे १९९८ ला. या रेल्वेसाठी झगडणारे मधू दंडवते १९५५ च्या गोवा सत्याग्रहातलेच. माझ्या कालच्या प्रतिसादाला हे जोडायचं राहिलं होतं.

खडूफळा | २५ जुलै, संध्याकाळी ५:४५

सगळ्यांचे आभार. फळ्याचा कच्चा आराखडा असा केला आहे.

मधोमध, काकांनी सांगितल्याप्रमाणे, १९०८ चा संप. डावीकडे टिळक, उजवीकडे अण्णा भाऊ, अक्षरं सारख्या उंचीची. प्रत्येकाखाली चार ओळी, जन्म-मृत्यूची साल सोडून. टिळकांखाली शिक्षा आणि मंडालेचा तुरुंग येईल, आणि संमतीवयाच्या कायद्यावरचा वादही एका ओळीत येईल. अण्णा भाऊंखाली वाटेगाव ते मुंबईचा पायी प्रवास, गिरणी, कलापथक, आणि गावकुसाबाहेरचं बालपण. खालच्या पट्टीत 'आजपासून मासेमारीचा हंगाम सुरू' आणि बंदरावर जाणाऱ्यांना शुभेच्छा. महसूल दिन आणि पालघर बाजूच्या छोट्या चौकटीत. सभासदांपैकी दोघांना, ज्यांचा वाद झाला त्यांनाच, एकेक बाजू लिहायला सांगणार आहे. ज्यांना टिळक वर हवे होते त्यांना अण्णा भाऊंची बाजू दिली आहे. ते तयार झाले आहेत.

मिऱ्याबंदर | २५ जुलै, संध्याकाळी ६:१०

ताई, १ तारखेला सकाळी लिहाल तर आमच्यातलं कुणी वाचणार नाही. बोटी पहाटेच्या अंधारात सुटतात. ३१ ला संध्याकाळी सगळे बर्फ, डिझेल भरायला त्याच रस्त्याने जातात. तेव्हा फळा तयार असू दे.

खडूफळा | २५ जुलै, संध्याकाळी ६:३०

३१ ला दुपारीच लिहून ठेवते. पाऊस असला तर वर प्लास्टिक लावते.

मालवणी_मसालो | २५ जुलै, रात्री ९:००

मास्तरांक एक प्रश्न. आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचो पायो २५ नोव्हेंबर १६६४ क घातलो. यशवंतराव चव्हाण गेले ते पण २५ नोव्हेंबरकच, १९८४ साली. म्हणान आमी दोघांचो दिवस एकत्र लिवतो. तुमच्या हिशोबान तो बरोबर की चूक?

गणितमास्तर | २५ जुलै, रात्री ९:३५

किल्ल्याची तारीखही जूलियनच आहे. त्या दिवशीची तिथी मार्गशीर्ष वद्य द्वितीया सांगतात, आणि चंद्राचं गणित मागे नेलं तर ती जुळते, पण जुळते आजच्या पद्धतीच्या ५ डिसेंबर १६६४ ला. म्हणजे काटेकोर मोजलं तर यशवंतरावांशी गाठ सुटते. पण दुसरी गाठ जवळजवळ बसते. ४ डिसेंबर हा नौदल दिन, १९७१ च्या कराची हल्ल्याची आठवण, आणि २०२३ साली नौदलाने तो तुमच्याच मालवणात साजरा केला. किल्ल्याच्या पायाभरणीच्या खऱ्या दिवसाच्या फक्त एक दिवस आधी. २५ नोव्हेंबर तुम्ही लिहीत आहात तसंच लिहा, आणि ५ डिसेंबरला फळ्यावर किल्ला पुन्हा एकदा येऊ दे.